सहाव्या टाकीचा वाटा

पाण्याखाली श्वास घ्यायच्या सहा पोलादी टाक्या घेतल्या तर किशोरीचं रोजचं चोवीस किलो शिसं उचलणं वाचणार होतं. हिशेब तिने भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे पेन्सिलीने मांडला होता आणि तो बिनचूक होता. अ‍ॅल्युमिनियमची टाकी भरलेली असते तोवर गुणी. हवा संपत आली की हलकी होऊन पर्यटकाला बुचासारखी वर ढकलायला लागते. म्हणून त्याच्या कमरेला जादा शिसं बांधायचं. पोलादी टाकी रिकामी झाली तरी आपल्या वजनाने खाली राहते. माणशी दोन किलो, सहा माणसं, दिवसाच्या दोन फेऱ्या.

कुडाळच्या डॉक्टरांनी तिच्या उजव्या खांद्याचा फोटो बघून सांगितलं होतं, उचलणं कमी करा, नाहीतर पुढचा सीझन काठावरून बघा. किशोरी काठावरून बघणाऱ्यांतली नव्हती. दांडीच्या किनाऱ्यावर बाईमाणसाने स्कूबाचा धंदा काढला तेव्हा जे हसले, ते अजून तिथेच वाळूत बसलेले होते. आणि ती एकाचंही नाव विसरली नव्हती.

"पोलाद गंजता, ताय," गुरुप्रसाद म्हणाला. हा तिचा मावसभाऊ आणि धंद्यातला भागीदार. कुठल्याही बेतात दोन शंका काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "अ‍ॅल्युमिनियमच बरा. टाकी रिती झाली की वर तरी येता. ही रिती झाली तरी खाली ओढता."

"तुझा पोट बघून पोलादच घाबरतला," किशोरी म्हणाली आणि पिकअप काढली.

आचऱ्यावरून वर, विजयदुर्गला. विकाऊ जुन्या टाक्या तिथल्या दाऊदचाचाकडे होत्या. त्याचा भाऊ अतहर बंदरात अडकलेले नांगर आणि जाळी सोडवायला बुडी मारत असे. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तो उतरला. दुसऱ्या दिवशी तळाशी टाकी सापडली, पाठीवर बांधायचे पट्टे तसेच आवळलेले. पट्ट्यांत अतहर नव्हता. पुढेही कधी मिळाला नाही.

"खंयची ती टाकी?" किशोरीने विचारलं.

"सहा नंबर. पाच घे. ती रवांदे."

"माका सहा होयी."

दाऊदचाचा खाडीकडे वळला. "मगे एक आयक, बाय. रिती कधी वर हाडू नको. पन्नास ठेव. अतहर नेहमी ठेवायचो."

किशोरीला हसू आलं. पन्नास बार दाबाची हवा राखून वर यायचं हा तर सगळ्या जगाचा नियम. पोलादी टाकी पार रिकामी केली तर आत पाणी शिरून गंज धरते, तेही कारण होतंच. "आमीय पन्नासच ठेवतो, चाचा."

"मगे बरा," तो म्हणाला. पाच टाक्या त्याने स्वतः पिकअपमध्ये चढवल्या. सहावी तिला उचलावी लागली.

गोव्याला दाबाची तपासणी झाली. सहाही पास, टाक्यांच्या खांद्यावर नवे शिक्के. पहिला आठवडा किशोरीने शिसं कमी उचललं आणि गुरुप्रसादला टोमणे जास्त मारले.

तिच्या शेडमध्ये एक वही असे. टाकी नंबर, हवा किती, कोणी भरली. संध्याकाळी एकदा आकडे घालायचे, सकाळी भरण्याआधी पुन्हा. दुसऱ्या सोमवारी तिने मागची पानं उलटली आणि तिचं बोट थांबलं. सहा नंबर, संध्याकाळी पन्नास, सकाळी शून्य. रोज. बाकीच्या पाच जिथल्या तिथे.

गळती, दुसरं काय. तिने टाकी पाण्याच्या पिंपात बुडवली. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हचं रबर बदललं. सकाळी शून्य.

मग तिने मासळी तोलायचा काटा आणला. हवेलाही वजन असतं. पन्नास बार गेले तर पाऊण किलो तरी घटायला हवं. संध्याकाळी तोलली, सकाळी तोलली. काटा त्याच रेघेवर. हवा गेली होती, वजन गेलं नव्हतं.

भर दुपारी, ऊन शेडच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं असताना, तिने व्हॉल्व्ह काढून आत बारका दिवा सोडला. गंजाचा ठिपका नव्हता. पोलाद आरशासारखं लख्ख होतं. तेवढ्यात ते धुरकटलं. आरशावर कोणी तोंडाची वाफ सोडावी तसं. धूसर निवळलं. पुन्हा आलं. निवळलं. पुन्हा आलं. सावकाश, गाढ झोपलेल्या माणसाच्या लयीत.

तिने गुरुप्रसादला हाक मारली. त्याने एक डोळा मिटून आत पाहिलं आणि पहिल्यांदाच एकही शंका काढली नाही.

"वाटो आसा ह्यो, ताय," तो हळूच म्हणाला. "अतहरचो."

किशोरीच्या वडिलांची रापण होती. शंभर हातांनी किनाऱ्यावर ओढायचं ते जाळं. मासळी वर आली की वाळूवर वाटे मांडायचे. त्यांच्या रापणीत रीत होती की कोणी बुडाला तर देह मिळेपर्यंत त्याचाही वाटा काढायचा. लहानपणी किशोरीने माणसाविना पडलेले असे वाटे पाहिले होते.

"वाटो ओढणाऱ्याक मिळता," ती म्हणाली. "हयसर ओढतंय मी."

"पन्नास तर आपण तशेच ठेवतो. आपला काय जाता?"

"आज पन्नास, उद्या साठ. माझो वाटो मागूक काठावर बसलेत ते काय कमी आसत, म्हणान आता ह्यो पाण्यातलो? उद्या मीच नेतंय सहा नंबर. शेवटच्या घोटापर्यंत ओढतंय. उरलाच नाय तर खातलो काय?"

"वाटो बंद करूचो तर शेवटचो वाटो बंद करणाऱ्यान आपल्या पदरचो देवचो लागता. तुझ्याच बापाशीची रीत."

"मागूक येवंदे," किशोरी म्हणाली.

सकाळी पर्यटकांना सुट्टी दिली. दांडीसमोरच्या किल्ल्याच्या मागच्या खडकांवर पाणी स्वच्छ होतं. ती सहा नंबर घेऊन उतरली, गुरुप्रसाद अ‍ॅल्युमिनियमची टाकी घेऊन मागे. आठ मीटरवर ती वाळूत गुडघे टेकून बसली. दोनशे बार. एरवी एवढ्यात तिचा तास निघे.

वीस मिनिटांत हवेचा काटा शंभरवर आला.

तिने श्वास आणखी संथ केला. काटा तसाच पळत राहिला. मग तिच्या लक्षात आलं ते बुडबुड्यांचं. माणूस श्वास सोडतो तेव्हा बुडबुडे येतात. ती श्वास आत घेत होती, आणि तिच्या कानाजवळून बुडबुडे वर चालले होते.

समोर गुरुप्रसादचे डोळे मास्कमध्ये मोठे झाले होते. तो पुन्हा पुन्हा अंगठा वर करून दाखवत होता. वर चल.

पन्नास.

ती हलली नाही.

तीस. पाठीवरची टाकी जड झाली. कोणी टेकून बसावं तशी.

दहा.

किशोरीने वाळूत पाय रोवले आणि ओढलं. पलीकडूनही ओढलं गेलं. तिने जास्त जोरात ओढलं. काटा शून्याला टेकला, आणि तो शेवटचा घोट तिच्या छातीत होता, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

वर येऊन तिने तोंडातली नळी फेकली आणि तिच्या वडिलांच्या आवाजात, किल्ल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "वाटो बंद!"

शेडमध्ये परतल्यावर दोघांनी मिळून टाकीचा काटा पाहिला. शून्य. वहीत तसं लिहिलं. टाक्यांत हवा भरायच्या कॉम्प्रेसरची चावी किशोरीने गळ्यात घातली आणि घरी जाऊन ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी गुरुप्रसाद आधीच शेडमध्ये उभा होता.

"कॉम्प्रेसर चालू केलंस?"

"चावी माझ्या गळ्यात आसा."

त्याने सहा नंबरकडे नुसती मान हलवली. किशोरीने वाकून काटा पाहिला. पन्नास.

तिने खुंटीवरचा मास्क काढला आणि रोजच्या सवयीने पुसण्याआधी काचेवर तोंडाची वाफ सोडली.

काच स्वच्छ राहिली.

तिने मास्क ओठांशी नेला आणि जोरात हाऽऽ केलं. काचेतून पलीकडचा समुद्र लख्ख दिसत होता.

गुरुप्रसाद बघत होता.

"बघतंस काय?" किशोरीने मास्क कपाळावर चढवला. "सहा माणसा येतली नऊक. होडी काढ."

तो गेल्यावर तिने वही उघडली, पेन्सिलीचं टोक दातांनी नीट केलं आणि त्या दिवसाची पहिली ओळ लिहिली. टाकी: सहा. हवा: पन्नास. कोणी भरली: किशोरी.