एंटर दाबायच्या आधी

ही गोष्ट खरी आहे.

मला ती माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं सांगितली. आणि ताई खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, फोनवर, दोन वाक्यं. ते पुढे येईलच.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांची आधीच माफी मागतो. हे घडलं रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात.

ताई एका तपासणी लॅबमध्ये कामाला आहे. नऊ वर्षं तिनं खिडकीत बसून लोकांना रक्ताचे रिपोर्ट दिले. मग एकदा कॉम्प्युटर बंद पडला, खिडकीबाहेर रांग लागली, आणि मागच्या खोलीतून मास्तर आले.

मास्तर म्हणजे लॅबचं सर्व्हर सांभाळणारा माणूस. साठीला टेकलेले, शर्ट नेहमी पूर्ण बाह्यांचा, कारण मशीनच्या खोलीत एसी मरणाचा गार. त्यांनी काळ्या स्क्रीनवर चार ओळी टाइप केल्या आणि रांग हलली.

ताई म्हणाली, "मला शिकवाल का हे?"

"वरवरचं शिकायचंय की मुळापासून?"

"मुळापासून."

"मग दोन वर्षं तुझ्या डोक्याची मंडई होईल, सांगून ठेवतो."

झालीच. मशीन सुरू होताना आधी काय जागं होतं, एका प्रोग्रॅममधून दुसरा कसा जन्मतो, कुणाला कशाला हात लावायची परवानगी असते... ताई घरी येऊन स्वयंपाक करताना हेच बडबडायची. तिनं लिहिलेले छोटे प्रोग्रॅम धडाधड आपटायचे. मास्तर म्हणायचे, "आपटू दे. कुठे आपटला ते कळलं की अर्धं काम झालं."

पण एका बाबतीत ते कडक होते.

काहीही पुसायची कमांड असली, की दोन माणसं लागायची. एकानं खुर्चीत बसून टाइप करायचं. मग हात मांडीवर घ्यायचे. दुसऱ्यानं मागे उभं राहून ती ओळ मोठ्यानं वाचायची. मशीन कुठलं आहे तेही म्हणायचं. सगळं बरोबर असेल तर बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

खांद्यावर हात पडला, तरच एंटर.

ताईला आधी हसू यायचं. मास्तर हसायचे नाहीत. "पुसलेलं परत येत नाही," एवढंच म्हणायचे.

त्या खोलीत मशीन दोन होती. एक जुनं. सहा वर्षं एकदाही बंद न केलेलं, लॅबचे सगळे रिपोर्ट त्यात. दुसरं नवं, सगळं त्यात हलवायचं होतं. दोन्हींना मिळून कीबोर्ड एक, स्क्रीन एक. मधे एक बटण. ते दाबलं की स्क्रीन या मशीनवरून त्या मशीनवर जाते.

नव्या मशीनवर चाचणीसाठी टाकलेले रिपोर्ट पुसून ते कोरं करायचं होतं. मास्तरांनी त्यासाठी ताईला एका रविवारी बोलावलं.

ताई गेली नाही.

आजारी नव्हती. कामही नव्हतं. गादीतून उठावंसं वाटेना, बस. फोन करून म्हणाली, "मास्तर, मला ताप आहे. उठवत नाहीये."

तीच ती दोन वाक्यं.

मास्तर म्हणाले, "झोप तू. माझं मीच वाचतो."

सोमवारी ते खुर्चीत सापडले. हृदय बंद पडलं होतं. दोन्ही हात मांडीवर.

लॅबमधली माणसं म्हणाली, झोपेत गेले, पुण्यवान माणूस. हात मांडीवर का होते ते तिला एकटीलाच माहीत होतं.

पाठोपाठ दुसरा घोळ कळला. रिपोर्टांची जादा प्रत ज्या डिस्कवर असायची, ती मेली होती. म्हणजे अकरा वर्षांचे रिपोर्ट आता एकट्या त्या जुन्या मशीनवर.

मॅनेजरांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. "नवी डिस्क यायला वेळ आहे, आणि जुनं मशीन कधी मान टाकेल सांगता येत नाही. रविवारी सगळं नव्यावर हलवा. जमलं तर मास्तरांची जागा तुमची. नाहीतर बाहेरची कंपनी येईल आणि तुम्ही परत खिडकीत."

मास्तरांना जाऊन बरोबर एकवीस दिवस झाले, तो हा रविवार.

ताई अकराला पोचली. लॅब रिकामी. मशीनच्या खोलीला कुलूप. त्याच्या दोन किल्ल्या, दोन्ही तिच्याच पर्समध्ये. ती बाहेरच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. तिथूनच जुन्या मशीनमध्ये शिरली, रिपोर्ट नव्यावर पाठवायला सुरुवात केली.

मग सवयीनं तिनं आत कोण कोण आहे ते दाखवणारी कमांड दिली.

दोन ओळी आल्या.

एक तिची. दुसरी... मास्तरांची.

ती दचकली नाही. मास्तर गेले तेव्हा आतल्या कीबोर्डवरून मशीनमध्ये होते, आणि त्यांना बाहेर काढायचा धीर तिला झाला नव्हता. शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, तेही त्या ओळीत दिसतं.

एकवीस दिवस.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओळ तशीच राहू दिली.

सव्वा वाजता साठ टक्के रिपोर्ट पोचले होते. तिनं डबा उघडला. एका हातानं जेवता जेवता तीच कमांड पुन्हा दिली.

तिची ओळ. मास्तरांची ओळ.

शेवटचं बटण दाबून झालेला वेळ... शून्य.

घास हातातच राहिला.

तिनं पुन्हा विचारलं. शून्य. पुन्हा. शून्य.

आणि मग तिला ऐकू आलं.

टक... टक... टक टक...

कुलूप लावलेल्या दाराच्या आतून. दोन बोटांनी, सावकाश. मास्तर कायम दोनच बोटांनी टाइप करायचे.

आवाज थांबला. एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ सगळं शांत.

पुन्हा टक... टक...

ताईनं लॅपटॉपवरून मास्तरांना बाहेर काढलं. जबरदस्तीनं. यादीत एकच ओळ उरली, तिची. तिनं श्वास सोडला.

दुसरी ओळ परत आली.

मी तिला विचारलं, "पळून का नाही आलीस?" ती माझ्यावरच खेकसली. "चाळीस टक्के बाकी होते! तिथं मशीनसमोर बसून कोण काय टाइप करतंय ते बघायला नको?"

तिनं कुलूप उघडलं.

एसीची घरघर. दोन मशीनचे हिरवे दिवे. खुर्ची टेबलाला लागलेली नव्हती. कुणी बसलं असावं तेवढी मागे होती. कीबोर्डवर एकवीस दिवसांची धूळ. बटणं दबत नव्हती. धूळ हलतही नव्हती.

पण टक टक चालू होती.

ताईनं स्क्रीन लावली.

काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटत होती, अक्षरामागून अक्षर. रिपोर्टांचा सगळा कप्पा पुसून टाकायची कमांड. पूर्ण झाली. थांबली. नुसतं एंटर बाकी.

ताईनं मधल्या बटणाकडे पाहिलं. ते जुन्या मशीनवर होतं.

तेव्हा तिच्या सगळं ध्यानात आलं. पुसायचं होतं नव्या मशीनवरचं, आणि मास्तर बटण दाबायला विसरले होते. त्यांनी टाइप केलं. हात मांडीवर घेतले. वाचलं. आपण कुठल्या मशीनवर आहोत ते दिसलं... आणि तिथंच छातीत कळ आली असणार. मागे वाचायला कुणी असतं तर तिथल्या तिथे चूक कळली असती, दोघं हसले असते, चहा प्यायले असते.

मागे कुणी नव्हतं. ज्या बाईनं असायला हवं होतं, ती घरी लोळत होती.

तिनं कीबोर्डची वायर उपटली. ओळ पुसली गेली आणि पुन्हा उमटायला लागली.

टक... टक...

पूर्ण. थांबली. ताईला वाटलं, या वेळी जरा जास्तच वेळ थांबली. जणू कंटाळली.

आणि ताई कधी मागे जाऊन उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही. खुर्चीच्या मागे. नेहमीच्या जागी.

तिनं ओळ मोठ्यानं वाचली.

"मास्तर," ती म्हणाली, "हे जुनं मशीन आहे."

एसीची घरघर...

शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. एकेक करत ओळ पुसली गेली.

ताईला रडूच फुटलं. पण डोळे पुसायच्या आत ओळ पुन्हा उमटायला लागली.

तिनं पुन्हा वाचलं. "मास्तर, हे जुनं मशीन आहे." पुसली. उमटली. पुन्हा वाचलं.

दोन तास वीस मिनिटं. पाणी नाही, बसणं नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, चुकूनही पुढे जायला नकोत म्हणून. किती वेळा वाचलं ते तिला आठवत नाही. आवाज बसला, तेव्हा कुजबुजत वाचलं.

तीन चाळीसला लॅपटॉप वाजला. शंभर टक्के.

ताईनं वाकून जुन्या मशीनचा प्लग ओढला. सहा वर्षांत पहिल्यांदा ते गप्प झालं. ते पुन्हा कधी सुरू झालं नाही. मॅनेजरांनी कंपनीचा माणूस बोलावला, त्यानंही हात टेकले.

टक टक थांबली. ताई भिंतीला टेकून खाली बसली. जमलं होतं. जागा तिची होती.

सगळं नीट पोचलंय ना, एवढं एकदा बघायचं होतं. तिनं मधलं बटण दाबलं. स्क्रीनवर नवं मशीन आलं.

टक...

तीच ओळ उमटत होती.

टक... टक...

पूर्ण झाली. थांबली.

ताईनं वाचायला तोंड उघडलं. "मास्तर, हे..." पुढे काय म्हणणार? तिनंच दोन तास सांगितलं होतं, हे जुनं मशीन आहे, हे जुनं मशीन आहे. मास्तरांनी ऐकलं होतं. आता ते बरोबर मशीनवर आले होते.

आणि अकरा वर्षांचे रिपोर्ट आता तिथंच होते. फक्त तिथंच.

ओळ पुसली जाईना. ती थांबूनच राहिली. कशाची वाट बघत होती, ते ताईला ठाऊक होतं.

ताई सरकत सरकत कोपऱ्यात गेली. मला फोन करून म्हणाली, "आज घरी येत नाही." कारण सांगितलं नाही. सोमवारी सकाळी दहाला नवी डिस्क आली, जादा प्रत निघाली, तोवर ती तिथंच होती. ना ती ओळ हलली, ना ताई.

आज ताई मास्तरांच्या जागेवर आहे. रिपोर्टांच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतात. काम ती बाहेरच्या टेबलावरूनच करते. आतली खुर्ची तिनं कुणाला हलवू दिलेली नाही. यादीत दुसरी ओळ रोज असते, तिच्यातला वेळ कायम शून्य. ती ओळ कुणाची, असं कुणी विचारलं तर जुनं खातं आहे, म्हणते. खोटं नाही ते.

हे सगळं तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी म्हणालो, "अगं, आता प्रती आहेत ना? मग एकदा हात ठेव. दाबू दे त्यांना एंटर. सुटतील बिचारे."



ताई म्हणाली, "मी गेले होते. मागच्याच रविवारी. ओळ वाचली. मास्तर, हे नवं मशीन आहे, बरोबर आहे, असं म्हटलं. आणि ताप नव्हता मला त्या दिवशी, तेही सांगून टाकलं."

"मग?"

"खुर्चीवर हात ठेवायला गेले. पण हात खुर्चीपर्यंत पोचलाच नाही."

"म्हणजे?"

"वरच अडला. हाताला कापड लागलं. शर्टाचं." ती आपल्या तळहाताकडे बघत होती. "गार होतं. खाली खांदा होता."



"मी हात ठेवला," ताई म्हणाली. "नीट ठेवला. पण त्यांनी एंटर दाबलंच नाही रे... तो खांदा हलला. ते मागे वळायला लागले."

ती पळत बाहेर आली. कुलूप लावलं. मास्तर वळल्यावर तिकडे काय होतं, ते तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर खोली उघडलेली नाही. यादीतली दुसरी ओळ अजून आहे, पण त्या रविवारपासून तिच्यातला वेळ वाढत चाललाय. दोन दिवस, पाच दिवस, बारा... आत कुणी बटण दाबत नाही.

मी म्हणालो, "म्हणजे सुटले असतील."

"सुटले असते तर ओळ गेली असती."

काल रात्री ताई घरी जेवली. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसली, काहीतरी टाइप केलं. मग दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तशीच बसून राहिली.

मी विचारलं, "काय झालं?"

ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली, "तू जरा माझ्या मागून बाजूला हो ना."

मी तिच्या समोर उभा होतो.