खांबावरची दोन मीटरं

शुक्रवारची दुपार उतरायला लागली तसा फालानिको खांद्याला अवजारांची पिशवी अडकवून सिएनी आत्याच्या घराकडे निघाला. काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं. घर म्हणाल तर शेजारचंच. त्याच्या अंगणातली पपईची झाडं संपली की आत्याचं अंगण सुरू. तरी आज पाय उचलत नव्हता.

रस्त्याकडेच्या खांबाशी तो थांबला. पत्र्याच्या एकाच खोक्यात दोन मीटरं होती, डावं आत्याचं आणि उजवं त्याचं स्वतःचं. आत्याच्या मीटरचा नंबर त्याने पेनने तळहातावर लिहून घेतला आणि पुन्हा एकदा ताडून पाहिला. एवढंच महिन्यापूर्वी केलं असतं तर आत्या आज जिवंत असती.

त्याचा धंदाच हा. या गावांत वीज आधी भरायची आणि मग वापरायची. मीटर बाहेर खांबावर, आणि किती युनिट उरली, आत्ता किती वीज खेचली जातेय, हे दाखवणारी तळहाताएवढी डबी घरात भिंतीवर. मध्ये वायर नाही. डबीवर मीटरचा नंबर दाबला की ती त्या मीटरला हाक मारते, मीटर ओ देतं, आणि खांबावरचे आकडे घरात दिसू लागतात. आसपासच्या सगळ्या गावांतल्या डब्या त्यानेच बसवल्या होत्या. फालानिकोच्या हातची डबी कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून तोही खूश व्हायचा.

आत्याची डबी त्याने सगळ्यात शेवटी घेतली. घरचंच काम, कधीही होईल. आत्याची छाती पार निकामी झालेली. इस्पितळाने दिलेलं ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस विजेवर चालायचं, म्हणून तर डबी हवी होती. त्या संध्याकाळी डबी भिंतीवर ठोकून झाली आणि नंबर बघायला तो खांबाकडे निघणार, तेवढ्यात गावात शंख वाजला. सा लागली. पहिल्या शंखापासून दुसऱ्या शंखापर्यंत घरोघरी प्रार्थना चालते आणि रस्त्यावर कुणी पाऊल टाकत नाही. फालानिको तर स्वतः मताई, गावच्या प्रमुखांमध्ये बसणारा. सा मोडणाऱ्यांना त्यानेच कितीदा फैलावर घेतलं होतं. जरा थांबला असता तर काय बिघडणार होतं? पण नारळाच्या दुधात शिजणाऱ्या पालुसामीचा खमंग वास सुटला होता आणि त्याला काम एकदाचं उरकायचं होतं. नंबर पाठच आहे, असं म्हणत त्याने बटणं दाबली. पाठ होता तो त्याच्या स्वतःच्या मीटरचा, आणि बोटांनी तोच दाबला.

डबी उजळली. भरपूर युनिट दिसली.

"म्हणजे माझे श्वास मोजून भिंतीवर टांगलेस म्हण की!" आत्या नाकातल्या नळीसकट हसली. "बरं केलंस हो. संपत आले की आधी तुलाच हाक मारीन."

मग एका सकाळी आत्याचं मीटर रिकामं व्हायला आलं. डबीवर मात्र फालानिकोच्या घरचे आकडे झळकत होते. ते बघून सून मासिना बिनघोर कपड्यांची पाटी घेऊन पाणवठ्यावर गेली. परत आली तेव्हा यंत्र बंद पडलं होतं आणि म्हातारी गार पडली होती.

विजेचा माणूस म्हणून आधी फालानिकोलाच बोलावलं. घरात पंखा बंद, दिवा बंद, आणि डबी सांगतेय, चाळीस युनिट शिल्लक! कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने डबीतले दोन सेल काढले आणि खिशात टाकले. मग विचारणाऱ्याला तो सांगत राहिला, "डबी चांगली आहे. सेल संपलेत. लक्ष द्यायला हवं होतं."

ते वाक्य मासिनाच्या गळ्याशी आलं. चाळीस युनिट दिसत होती असं ती जीव तोडून सांगत होती, पण तिचं ऐकतो कोण. नवरा इआकोपो मातीसाठी ऑकलंडहून आला, त्याने तर बायकोशी बोलणंच टाकलं. सोमवारच्या बोटीने तिला सवाई बेटावर, तिच्या माहेरी धाडायचं ठरलं होतं. पोरं इथेच राहणार होती.

आणि आज सकाळी इआकोपोने कुंपणावरून हाक मारली होती, "दादा, तेवढी डबी नवे सेल घालून चालू करून दे." फालानिकोला तेच हवं होतं. एकदा बरोबर नंबर दाबला की चुकीची खूणच उरणार नव्हती.

घरासमोर आत्याचं थडगं होतं. ताज्या सिमेंटचा वास येत होता. तो मान खाली घालून बाजूने गेला.

मासिना चटईवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"या भाऊजी. चहा टाकू?"

"नको गं. लगेच निघायचंय."

"आता काय, निघायचंच चाललंय सगळं," ती म्हणाली. तिने एक छोटा सदरा घडी केला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढून बाजूला ठेवला. तो पोराचा होता. "भाऊजी, एक विचारू? सेल संपलेल्या डबीवर आकडा दिसतो का हो? मी चाळीस बघितले होते. देवाशपथ."

फालानिकोने पेचकस उगाच पिशवीत शोधला. "कधीकधी... जुना आकडा राहतो."

"अस्सं होय." तिने सदऱ्याची घडी पुन्हा मोडली. "मग माझंच चुकलं म्हणायचं."

त्याला स्वतःची किळस आली. तरी हात काम करतच राहिले. नवे सेल घातल्यावर डबीवर त्याच्याच घरचे आकडे आले. त्याची बायको फिआसिली तिकडे किटली लावत असणार. विजेचा आकडा एकदम वर चढला. त्याने घाईघाईने जुना नंबर पुसला आणि तळहातावरचा नंबर एकेक आकडा बघून दाबला. डबीने हाक मारली. या वेळी खांबावरच्या डाव्या मीटरने ओ दिली.

अशा वेळी खात्री करायची त्याची एक रीत होती. घराचा मेन स्विच पाडायचा. डबीवरचा खेचीचा आकडा शून्य झाला की मीटर त्याच घराचं. त्याने स्विच पाडला. पंखा घरघरत थांबला.

आणि गावात शंख वाजला.

इआकोपो मागच्या पडवीतून आला, कुणाकडे न बघता मांडी घालून बसला. पोरं बसली. फालानिकोलाही बसावं लागलं. मेन पुन्हा वर करायचं कुणाला सुचलं नाही. बाहेरचा उजेड घरातून हळूहळू निघून चालला होता, आणि गावभरच्या घरांतून स्तोत्रं एकमेकांत मिसळत येत होती. फालानिकोने सहज मान वर करून डबीकडे पाहिलं.

आकडा शून्य नव्हता. तीनशे दहा होता.

मेन स्विच खाली पडलेला त्याला बसल्या जागेवरून दिसत होता. घरात एक दिवासुद्धा लागत नव्हता. तीनशे दहा... हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. इस्पितळातून यंत्र आलं त्या दिवशी त्यानेच ते मोजून आत्याला सांगितलं होतं, तुझं यंत्र तीनशे दहा वॅट खातं म्हणून. पण यंत्र तर इस्पितळात परत गेलं होतं. कोपऱ्यात त्याच्या चाकांचे डाग तेवढे राहिले होते.

स्तोत्राचं एक कडवं संपलं. इआकोपो दम घ्यायला थांबला, आणि त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला. फुस्स... मग थोडं थांबून खट्. पुन्हा फुस्स... मोसोई फुलं घातलेल्या खोबरेल तेलाचा वास आला. आत्या रात्री छातीला चोळायची ते तेल.

इआकोपोने पुढचं कडवं उचललं. त्याला काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं. मासिनाचे ओठ मात्र थांबले होते. ती फालानिकोकडे झुकली.

"तुम्हालाही... ऐकू येतं?"

त्याने वळून कोपऱ्याकडे पाहिलं.

"रोज येतं," ती कुजबुजली. "सा लागली की. सासूबाई मला विचारतात, का गं बघितलं नाहीस... काय सांगू मी त्यांना, भाऊजी?"

दुसरा शंख होईस्तोवर फालानिको कसाबसा बसून राहिला. मग पिशवी तिथेच टाकून घरी आला. फिआसिली ताटं मांडत होती.

"तुझी ती लग्नातली चटई काढ," तो म्हणाला.

ती हसली. "का? कुणाचं लग्न ठरवून आलास?" मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती तलम चटई लग्नाला निघते, मयताला निघते, आणि आणखी एका कामाला निघते. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "काय केलंस तू?"

त्याने सगळं सांगितलं. सेलचंही.

"रोज ती बाई माझ्यापाशी येऊन रडते," फिआसिली म्हणाली. "आणि तू शेजारी बसून जेवतोस!" रडत रडत तिने पेटी उघडली.

उजाडता उजाडता फालानिको आत्याच्या दारासमोर जाऊन मांडी घालून बसला आणि त्याने डोक्यावरून चटई ओढून घेतली. ज्याचा अपराध केला त्याच्या दारात असं बसायचं. आतल्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर ते काय करतील ते मुकाट सोसायचं. दार आणि थडगं यांच्या मध्ये जागा होती ती एवढीच, त्यामुळे थडगं त्याच्या पाठीला लागून होतं. चटईखाली अंधार होता. केवड्याच्या सुकल्या पानांचा वास होता, आणि हळूहळू त्यात मोसोईचा वास मिसळला. पाठीमागे कुणीतरी श्वास ओढत होतं. फुस्स... खट्. तो वळला नाही.

दार उघडलं. चटईच्या कडेखालून त्याला इआकोपोचे पाय दिसले, आणि मातीला टेकलेलं कोयत्याचं टोक.

"दादा? काय हे?"

"नंबर मी चुकवला, इआकोपो. डबीवर माझ्या घरचे आकडे होते. मासिना खरं सांगत होती." त्याने खिशातले दोन सेल काढले आणि हात चटईबाहेर धरला. "सेल संपले नव्हते. मी काढले."

कोयता उचलला गेला. फालानिकोने डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कोयता दूर कुठेतरी झाडीत पडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी चटई ओढून काढली.

मासिना होती. "उठा," ती म्हणाली. 'भाऊजी' म्हणाली नाही. तिच्यामागे इआकोपो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता आणि बायकोचं नाव घेत होता.

दुपारी ती कुंपणापाशी आली. तिची पिशवी पुन्हा रिकामी झाली होती. "आवाज थांबला बघा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डबीवर शून्य आहे. सासूबाई सुटल्या." फालानिकोला तेव्हा कुठे घास गिळवला. झोपही लागली, गाढ.

संध्याकाळच्या शंखाने तो जागा झाला. फिआसिली भिंतीवरच्या डबीपुढे उभी होती.

"हे काय झालंय रे? दुपारपासून काहीतरी वीज खातंय. सगळं बंद करून बघितलं. आता मेन पण पाडला, तरी..."

तो उठून जवळ गेला. तीनशे दहा. वरच्या ओळीत उरलेली युनिट होती, ती शेवटाला आली होती. त्याच्या डोळ्यांदेखत डबी टिंग टिंग करू लागली. संपत आले की आधी तुलाच हाक मारीन, आत्या म्हणाली होती. दुसऱ्या कुणी नाही, त्यानेच आत्याला या मीटरला बांधून दिलं होतं.

"असू दे," फिआसिली म्हणाली. "अंधारातच प्रार्थना करू. सा संपली की भर."

"नको..." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "एकदा संपलं होतं गं. पुन्हा नको."

तो अनवाणी बाहेर पडला. समोरच्या दुकानात युनिट मिळतात. रस्ता तेवढा ओलांडायचा होता. आजवर मताई म्हणून मिरवलेला तो माणूस भर सा चालू असताना रस्त्याच्या मधोमध धावत होता, आणि एकेका घरातलं स्तोत्र त्याला बघून बंद पडत होतं. दुकान बंद होतं. त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं.

खिडकीची फळी किलकिली झाली. म्हातारा दुकानदार उपासा संधिप्रकाशात डोळे बारीक करून बघत होता.

"फालानिको? अरे, सा लागलीय! लाज सोडलीस का?"

"वीज दे, उपासा. पाया पडतो. लवकर..."

"देतो बाबा, देतो. शंख तर होऊ दे." उपासाने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. "आणि त्या म्हातारीला आधी पायरीवर बसव. असं पळवतात का? केवढी धाप लागलीय तिला."