डावं पान तिचं, उजवं त्याचं

अमळनेरच्या स्टँडवर धुळे गाडीची वाट बघता बघता कोकिळाचं बॉलपेन आटलं. समोर एक म्हातारी मांडीवर करडू घेऊन बसली होती आणि कोकिळा तिचं चित्र काढत होती. नेमका करडाचा एक कान काढून झाला आणि पेनाने मान टाकली. तिने रिफिल काढून दोन्ही तळव्यांत घोळवली, मागून फुंकर मारली, कागदाच्या कडेला दहा गोल काढले. छे! कागदावर नुसते ओरखडे.

"मन्हा करडाले एकच कान का व, माय?" म्हातारीने डोकावून विचारलं.

"माझं पेन घ्या," बाजूने आवाज आला.

उंच, सडपातळ मुलगा. शर्टाच्या खिशाला चार पेनं. त्याने पुढे केलेलं पेन कोकिळाने टेकवलं मात्र, आणि दचकली. "अहो, हिरवं आहे हे! हिरव्या शाईने फक्त साहेब लोक सही करतात."

"म्हणून तर मी सही करत नाही. चित्रं काढतो."

"आणि करडाचा एक कान निळा, एक हिरवा?"

"करडाला विचारून बघा... त्याची काही तक्रार दिसत नाही."

कोकिळाला हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घातली आणि हिरवा कान काढला. चित्र म्हातारीच्या हातात गेलं, म्हातारीने ते घडी करून चोळीत ठेवलं, आणि तेवढ्यात गाडी लागली. गर्दीत त्याचं पेन परत द्यायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहिलं, की ठेवलं, हे कोकिळालाही नीट सांगता आलं नसतं.

कोकिळा पाटील धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. टाइप करताना बिघडलेले कागद ती घरी आणायची, आणि रोजच्या गाडीत त्यांच्या पाठीवर माणसं काढायची. ज्याचं चित्र, त्यालाच देऊन टाकायची. कंडक्टर तोतारामने तर स्वतःचं चित्र तिकिटांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. चित्रकलेची परीक्षा नाही, शिक्षक नाहीत. उजव्या अंगठ्यावर कायम शाईचा निळा डाग, तेवढीच तिची पदवी.

दुसऱ्या दिवशी पेन परत करताना कळलं, मुलाचं नाव अभिमन. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात अनुरेखक. म्हणजे दिवसभर नकाशांवर कालवे आणि पाट गिरवायचे. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण सगळं इटारसीच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील गेल्यावर आईला घेऊन आत्ता कुठे अमळनेरात राहायला आला होता.

"आडनाव?" कोकिळाने सहज विचारलं.

"पाटील."

कोकिळाच्या काळजात उगाच काहीतरी खट्ट झालं. खानदेशात दगड भिरकावला तर तो पाटलाच्याच दारात पडतो. त्यातला कोणता पाटील सोयरा आणि कोणता भाऊबंद, हे कूळ विचारल्याशिवाय कळत नाही. एका कुळाचे म्हणजे बहीणभाऊ. आणि लग्नाच्या मुलीने एखाद्या मुलाला त्याचं कूळ विचारायचं म्हणजे... म्हणजे झालंच की! त्यापेक्षा सरळ हार घेऊन उभं राहिलेलं बरं.

म्हणून तिने विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी अभिमनने दोनशे पानी वही आणली. "डावं पान तुमचं, उजवं माझं. एक दिवस वही तुमच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. चालेल का, कोकिळाताई?"

"चालेल, अभिमनभाऊ."

ताई काय, भाऊ काय! गाडीतले सगळेच एकमेकांना असंच म्हणत. पण त्या दिवसापासून कोकिळाला तो 'ताई' चपलेतल्या खड्यासारखा टोचू लागला.

वही मात्र भरत चालली. डाव्या पानांवर निळी माणसं, उजव्या पानांवर हिरव्या वस्तू. आणि वस्तू कुणाच्या? कोकिळाच्या! तिचा डबा. तिची छत्री. अंगठ्याशी सेफ्टी पिन लावलेली तिची चप्पल, ती तर पिनेसकट. तिचा रुमाल, घडी विस्कटलेला. सगळं होतं, फक्त ती नव्हती.

"माणसं का नाही काढत तुम्ही?" एकदा तिने विचारलंच.

"माणसं हलतात. कालवे कसे... गुपचूप पडून असतात."

"मी हलणार नाही. घटकाभर."

अभिमनने तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बॉलपेन आहे, ताई. बिघडलं तर पुसता येत नाही. तुमचं बिघडवायचं धाडस नाही माझं."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? मनात काही असलं तर 'ताई' कशाला? आणि नसलं तर खिडकीकडच्या जागेवर रोज रुमाल टाकून ती कुणासाठी धरून ठेवतो? कोकिळा रात्रंदिवस हाच हिशोब मांडायची आणि तो रोज वेगळा यायचा. कचेरीत 'महोदय' टाइप करताना एकदा 'अभिमन' टाइप झालं. तो कागदही तिने घरी आणला.

आषाढ संपता संपता नानांनी जेवताना विषय काढला. पिंपळनेरचं स्थळ. मुलगा शिक्षक, घरची शेती, माणसं चांगली. "कानबाई उठली की होकार कळवतो," नाना म्हणाले. ते तिचे वडील. बोलणं कमी, पण बोललं की बोललं.

"कोकिळा, तुले पसंत शे ना?" आत्याने, बेबाबाईने, विचारलं.

कोकिळाने ताटातली भाकरी मोडली आणि मोडतच राहिली. नाही म्हणायचं तर कारण काय सांगायचं? की गाडीतला एक मुलगा माझी चप्पल काढतो? आणि तो आपलाच भाऊबंद निघाला तर? गावात हसं होईल.

श्रावणात घरी कानबाई, खानदेशची कुलदेवी, बसली. घरातल्या पुरुषांमागे मूठ मूठ गहू मोजून घेतले, त्यांचे पुरण भरलेले जाड रोट झाले. सोमवारी वाजतगाजत कानबाई उठली, नदीत विसर्जन झालं. आता उरलेले रोट पुनवेच्या आत संपवायचे, आणि तेही घरच्यांनी, भाऊबंदांनीच. परक्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, आणि जाणता परका तो घ्यायचा नाही. रोट डब्यात भरता भरता कोकिळाचा हात थबकला. विचारायला तोंड उघडायला नको, कूळ काढायला नको... अभिमनसमोर फक्त डबा उघडायचा. भाऊबंद असेल तर खाईल. नसेल तर म्हणेल, मला चालत नाही.

देवीची मनातल्या मनात दहा वेळा माफी मागून मंगळवारी तिने गाडीत डबा उघडला.

"रोट आहे. घरचा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"मला?" अभिमन खुलला.

"बघा... तुमचं तुम्ही."

नाही म्हण. अरे, नाही म्हण! कोकिळा श्वास धरून त्याच्या बोटांकडे बघत होती. त्या बोटांनी रोट उचलला, मोडला आणि तोंडात घातला.

"वा! काय झाला आहे," म्हणत त्याने दुसराही घेतला.

तिकिटं फाडत तोताराम तिथे आला आणि थांबला. "रोट खाई ऱ्हायनात? म्हंजे तुम्ही भाऊबंद शेतस! आन् माले बठ्ठं दुसरंच वाटे..." पुढचं त्याने गिळलं. अभिमन काही न कळून हसला.

कोकिळाला गाडी, खिडकी, बाहेरची कपाशी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसू लागलं. धुळ्याच्या दोन थांबे अलीकडेच ती उठली. पिशवीतून वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

"आज तुमची पाळी आहे ना वहीची?" तो गोंधळला.

"राहू द्या तुमच्याकडेच. भरली समजा."

"पण अजून साठ पानं... ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही, भाऊ," ती म्हणाली आणि उतरली. उरलेली वाट तिने चालत काढली. त्या दिवशी कचेरीत इतके कागद बिघडले की हेडक्लार्कने तिला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी नाना पिंपळनेरसाठी पोस्टकार्ड घेऊन खाटेवर बसले होते. बेबाबाई तांदूळ निवडत होती. आणि दारात अभिमन उभा राहिला. हातात वही, सोबत त्याची आई. कोकिळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच खिळली.

"मी कमलबाई, या अभिमनची आई. पत्ता कंडक्टरने दिला," बाई हात जोडून म्हणाल्या. "माझ्या पोराकडून आगळीक झाली, भाऊ. तुमच्या कानबाईचा रोट खाऊन आला. घरी येऊन मलाच सांगतो, काय गोड होता म्हणून! परमुलखात वाढला, आमच्या घरी कानबाई बसत नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. तुमच्या देवीची माफी मागायला आणलाय."

बेबाबाईने सूप खाली ठेवलं. "भाऊबंद नहीत का तुम्ही? कूळ कोनतं तुमनं?"

कमलबाईंनी सांगितलं. वेगळं निघालं. अगदी वेगळं!

कोकिळाने उंबऱ्याची चौकट घट्ट धरली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

नानांच्या कपाळाला मात्र आठी पडली. "याला माहीत नव्हतं, ठीक. पण दिला कुणी?" त्यांनी मान वळवली. "कोकिळा?"

"मी दिला."

"चुकून गेला असेल हातून," बेबाबाई लगबगीने म्हणाली.

किती सोपं होतं! 'हो, चुकून' एवढं म्हटलं की माफी, चहा, आणि उद्या पिंपळनेरला कार्ड. कोकिळाने घसा साफ केला. "नाही. मुद्दाम दिला."

तेवढ्यात बेबाबाईने अभिमनच्या हातातली वही ओढून घेतली आणि पानं उलटू लागली. हिरवा डबा, हिरवी छत्री, हिरवी चप्पल. डाव्या पानांवर एसटीची गर्दी, आणि प्रत्येक गर्दीत मागच्या बाजूला एक उंच मान, तीच ती मान, तीच चार पेनांची टोकं.

"काय रे पोऱ्या," आत्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "भाऊ बहिणीनी चप्पल काढस का? पीनसंगे?"

अभिमनचे कान पेटले. "ते... माणसं मला जमत नाहीत," तो पुटपुटला.

"मुद्दाम का दिलास?" नानांचा आवाज आता खाली आला होता.

"ते आपले भाऊबंद आहेत का... ते बघायचं होतं," कोकिळा म्हणाली.

बेबाबाईने पदर तोंडाला लावला. कमलबाईंनी एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे बघितलं आणि त्या गालात हसल्या. नानांनी हातातलं पोस्टकार्ड हळूच उशीखाली सरकवलं. घरातल्या सगळ्यांना कळलं. कळलं नाही ते एकट्याला.

"पण मग मला विचारायचं ना!" अभिमन कळवळून म्हणाला. "मी लगेच सांगितलं असतं. दिवसभर जीव टांगणीला लागलाय माझा. आणि... तुम्हाला बघायचं तरी कशाला होतं ते?"

"तुमच्याशी लग्न करता येतं का, ते बघायला!" कोकिळा जवळजवळ ओरडलीच.

अभिमनने एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, काय शोधत होता देव जाणे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"येतं," तो म्हणाला. आणि एकदम घाबरून नानांकडे वळला, "येतं ना?"