फाट्यावर राहिलेली हाक

मोबाईल ठेव बाजूला, आकांक्षा. आन् आर्यन, दार लोट जरासं. आपल्या रखमाजीची गोष्ट सांगतो. अगदी घडलेली. त्यानं माझ्यापाशी बसून, रडत सांगितलेली.

सन बावीस. सप्टेंबरची चोवीस तारीख, शनिवार, सर्वपित्रीच्या आदली रात्र. रखमाजी मुंबईला गेल्ता, धाकट्या भावाची राख आणायला. आदिनाथ तिथं बांधकामावर होता. कोरोनाच्या पहिल्या साली वारला, तवा घरातून कोणाला जाता आलं न्हाई. राख त्याच्या तिथल्या शेजारणीनं, बेबीनंदानं, गाडग्यात घातली, फडकं बांधलं, आन् दोन वर्सं दाराबाहेर खिळ्याला टांगून ठेवली. परकी बाई, बघा!

मरायच्या महिनाभर आधी आदिनाथ गावाकडं आल्ता. आठ दिवस पायी. आपण फाट्यावर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केल्ता, आन् त्या दिवशी पहाऱ्याला खुद्द रखमाजी. आदिनाथ म्हणला, "दादा, येऊ का? साबणानं हात धुऊन येतो." मागं सगळं गाव उभं. रखमाजी म्हणला, "न्हाई. जा वापस."

"पाणीबी न्हाई दिलं, आजोबा?"

न्हाई गं आकांक्षा. मीबी तिथंच उभा होतो... जाऊ द्या.

तर मुंबईत समुद्राकाठी माणसं खांद्याला खांदा लावून भेळ खाऊन राह्यली होती. तोंडाला मास्क न्हाई कोणाच्या. रखमाजीला वाटलं, ह्यांचं संपलं सगळं, आपलंच राह्यलं. बेबीनंदानं गाडगं हातात दिलं. म्हणली, "भाऊ, तुमच्यावर राग नव्हता त्याचा. दादाचा इलाज नव्हता, म्हणायचा." त्यापेक्षा आदिनाथानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं झालं रखमाजीला.

आता राख आणताना आपल्याकडं काय करतेत? प्रत्येक वळणाला मेलेल्याला नाव घेऊन हाक मारायची, न्हाई तर तो मागंच राहतो. रखमाजीनं बराबर मारली. मुंबईच्या स्टेशनावर, जालन्याला, अंबडला. "आदिनाथ, चल, घरी चाललोत." लोक बघायचे. बघू द्या, म्हणला.

घनसावंगीहून शेवटची जीप. फाट्यावर उतरला तवा पावणेअकरा. जीप गेली. अंधार गुडुप्प. इथं हाक मारायची, तर तोंडच उघडंना. कोणत्या तोंडानं बोलावणार? मान खाली घातली आन् मुकाट चालू लागला.

दहा पावलं गेला.

मागून... चपला घासल्याचा आवाज.

हा थांबला. आवाजबी थांबला.

"दादा..."

रखमाजीनं गाडगं छातीशी धरलं.

"दादा... येऊ का?"

'ये' म्हणायचं होतं. एवढंच. ओठापर्यंत आलं. पण भ्याला माणूस. सख्ख्या भावाला भ्याला! पळत सुटला तो अंगणातच थांबला. राख घरात नेत न्हाईत, म्हणून गाडगं लिंबाच्या झाडाला टांगलं, आत शिरला आन् कडी लावली.

नंदाबाई, त्याची बायको, विचारून विचारून थकली.

मंग अंगणात रांजणातलं पाणी वाजलं. कोणीतरी तांब्यानं घेऊन राह्यलं होतं. थोडं थांबायचं... परत पाणी. रात्रभर. नंदाबाईनंबी ऐकलं. उठू म्हणली, तर रखमाजीनं तिचा हात धरून ठेवला.

कडी काही काढली न्हाई.

पहाटे दार उघडलं. गाडगं झाडाला, जसंच्या तसं. रांजण रिकामा. बाजूच्या दगडावर नंदाबाईनं सांजच्यालाच साबणाची नवी वडी फोडून ठेवल्ती.

ती झिजून झिजून... पापडाएवढी पातळ झाल्ती.

फेस अजून ओला होता.