‘सोड’ म्हणायचं राहिलं

तेजस्वीला ग्रीसचा वास आवडतो, हे तिने दहावीपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीआधी तिने ते वर्गासमोर उभं राहून सांगून टाकलं आणि कोणी हसलं नाही. तेव्हापासून ती जरा जास्तच ताठ चालायची.

तिच्या पप्पांचं, म्हणजे जितेंद्रचं, गॅरेज सातिवलीत. शेजारी पत्रा ठोकायचा कारखाना. दिवसभर धाड धाड. त्यामुळे गॅरेजात लांब बोलायची सोयच नाही, जे काय ते एका शब्दात.

तिथे नंदाखाल गावचे ॲन्सेल्म अंकल आपली जुनी डुक्कर फियाट टेम्पोवर लादून घेऊन आले. गाडी दोन वर्षं झावळ्यांच्या शेडमध्ये उभी होती आणि चारही चाकं जाम. पाठोपाठ बाइकवरून त्यांचा मुलगा शेल्डन आला.

“जितूभाई, रविवारी माझ्या कॅथरिनचं लग्न. डॅडींचा हट्ट आहे, नातीला ह्याच गाडीतून चर्चला न्यायचं. शुक्रवारपर्यंत ब्रेक लागले तर ठीक. नायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. शेडच्या जागी मांडव घालायचाय.”

 अंकल रुमालाने बॉनेट पुसत राहिले. मग तेजस्वीकडे वळून म्हणाले, “बाय, ब्रेक कोण करणार?”

“मी. पप्पा मदत करतील.”

“ऐका,” पप्पा म्हणाले. “मालकीण झाली.”

पण काम खरंच तिनेच केलं. लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून ड्रम सोडवले, आतला गंज आणि मेलेली झुरळं झाडून काढली. नवीन लायनिंग, नवीन रबरं, बेअरिंगला ताजं ग्रीस. रिम घासून त्यांना सायीसारखा रंग दिला. पुढच्या डाव्या दाराची काच वर अडकलेली होती, हँडल फिरतच नव्हतं. ती ते खोलायला निघाली तर पप्पा म्हणाले, “काचेचं सांगितलेलं नाय. चाकं आणि ब्रेक, बस.”

एका सकाळी ते गाडीत बसायला गेले आणि त्यांचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला. पुढची अखंड सीट पार पुढे सरकलेली होती.

“सीट तू पुढे घेतलीस?”

“मी कशाला? माझे पाय तुझ्याएवढे लांब आहेत.”

“मग सीटलाच पाय फुटले असतील.”

खटका इतका घट्ट होता की मागे ढकलायला त्यांना लाथ मारावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट परत पुढे. आणि ब्रेक ऑइलच्या उग्र वासात कुठूनतरी टाल्कम पावडरचा वास येत होता. पप्पांनी पुन्हा लाथ मारून सीट मागे ढकलली.

गुरुवारी दुपारी ब्रेकची एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढायला घेतली. ह्या कामाला दोघं लागतात. एक जण चाकापाशी पाना घेऊन, दुसरा पेडलवर. खालचा म्हणतो, “मार, मार, धर.” वरचा पेडल दाबून धरतो आणि ओ देतो. मग खालचा चाकामागचं निपल सैल करतो, बुडबुडे निघाले की घट्ट करतो आणि म्हणतो, “सोड.” तो म्हणेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. पप्पांची ओ म्हणजे नुसतं “हां.”

पेडल अजून स्पंजासारखं दबत होतं. पप्पा वडापाव आणायला नाक्यावर गेले. तेजस्वी मागच्या चाकाखाली आडवी होऊन निपल पुसत होती. तेवढ्यात दार उघडलं. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या.

“आलास? मार. मार. धर.”

टक, टक.

स्टिअरिंगवर धातू वाजावा तसा आवाज. पप्पांच्या तोंडात वडा असणार, तिला वाटलं. तिने निपल सैल केलं. बुडबुडेच बुडबुडे आले.

“सोड. मार. धर.”

टक, टक.

एकेक करून चारही चाकं झाली. तेल काचेसारखं स्वच्छ यायला लागलं. शेवटी गळती बघायची होती, म्हणून ती म्हणाली, “मार, मार, धर.” टक, टक. टॉर्च घेऊन ती सगळीकडे फिरली. कुठे थेंब नाही. आनंदाने तिने पाना हवेत उडवला, झेलला आणि वर बघितलं.

फाटकाशी पप्पा ॲक्टिव्हावरून उतरत होते. हातात वडापावची पुडी.

ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

तिचा वडापाव गार झाला तरी हातातच राहिला.

शुक्रवारी दुपारी अंकल आणि शेल्डन आले. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना. पप्पांनी जॅक लावून चाकं फिरवून बघितली, चारही आवळलेली. ॲडजस्टर सैल केले, तरी तेच. मग ते पेडलपाशी वाकले. ते खाली दबलेलं होतं. दोन्ही हातांनी ओढूनही वर येईना.

“असं कसं,” पप्पा पुटपुटले.

शेल्डनने भंगारवाल्याला फोन लावला. “टेम्पो पाठव रे.”

अंकल पायरीवर बसले. एकदम लहान दिसायला लागले.

तेव्हा तेजस्वीच्या लक्षात आलं. ती त्यांच्यापाशी जाऊन बसली.

“अंकल, चूक माझी आहे. काल मी धर म्हटलं. सोड म्हणायचं राहिलं.”

“कोणाला?”

“माहीत नाही. हां आलं नाही. टक टक आली.”

अंकलनी आपल्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं.

“शेल्डन, फोन ठेव.” मग तिला म्हणाले, “पेडल नेहमी माझी बायको, रिटाच मारायची. आवाज बारीक होता तिचा, मला खाली ऐकू येत नसे. म्हणून अंगठी वाजवायची.”

“डॅडी, नको ना,” शेल्डन हळू आवाजात म्हणाला.

“शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात माझा हात धरला होता तिने. मी सारखा म्हणत होतो, धर, रिटा, धर.” ते थांबले. “पुढचं म्हटलंच नाही.”

ते उठले. शेजारची मशीन चहासाठी थांबली होती. अंकल ड्रायव्हरच्या खिडकीतून आत वाकले.

“सोड, रिटा.”

पेडल वर आलं. उसळून नाही. दमलेलं माणूस पाय उचलतं तसं.

जॅकवरचं चाक थोडंसं फिरलं.

मग सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. उजवीकडून डावीकडे.

पप्पांनी गाडी जॅकवरून उतरवली. अंकल स्टिअरिंगवर बसले तेव्हा सीट मागे सरकलेली होती, बरोबर त्यांच्या मापाने. खटक्याला कोणी हात लावला नव्हता. ट्रायलला पुढे बसायचं म्हणून तेजस्वीने डावीकडचं दार उघडलं. तिथलं रेक्झिन खोल दबलेलं होतं.

“तू मागे बस, बाय,” अंकल म्हणाले.

तिने दार हळूच लावलं, कोणाचा पदर अडकू नये इतकं हळू, आणि मागे जाऊन बसली.

फाटकाशी अंकलनी ब्रेक दाबला. गाडी झोपलेल्या बाळाला धक्का लागू नये अशी थांबली. शेल्डनने टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. पुढे रस्ता मोकळा होता, वारा होता.

पुढच्या डाव्या दाराचं जाम हँडल फिरलं. एक फेरा. जरा दम खाऊन, आणखी एक. काच खाली गेली.