पाणी न पिणारी मोटार

टण्!...

ताटलीत एक नट पडला, आणि अंगणातली सकाळपासूनची मुकी शांतता त्या एवढ्याशा आवाजानं तडकली. नीलाबाईनं ताटली पुढं सरकवली. शिवमूर्तीनं मान वर न करता नट उचलला. नवरा-बायकोत वर्षभरात उरलेला व्यवहार एवढाच!... ती रॉकेलमध्ये एकेक भाग धुऊन द्यायची, तो बसवायचा. शब्द मात्र एक नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, चाकूरहून कचेरीला जाणाऱ्यांची रीघ लागली, आणि नेमका पाऊस रुसला. प्रवासी नेणाऱ्या त्याच्या जीपच्या रेडिएटरला घालायला पाणी मिळेना, तेव्हा शिवमूर्तीनं कासवाच्या पाठीची ही जुनी मोटार भंगारातून आणली. तिचं इंजिन वाऱ्यावरच थंड व्हायचं, पाण्याचा थेंब लागायचा नाही! सिलिंडर हैदराबादचे, पंखा नांदेडचा, पिस्टन आणखी कुणाचे... चार घरची लेकरं एका पंगतीला बसवावीत तसं त्यानं ते जुळवलं होतं. गेल्या वर्षी ते सुरू झालं, अंगण दणाणलं. इंजिन बंद करून तो हर्षानं पेढे आणायला गेला... आणि परत येतो तो तापलेला सिलिंडर गार पाण्यानं तडकलेला!

"माझ्या हातून घागर लवंडली त्याच्यावर," नीलाबाई म्हणाली होती.

"लवंडली? असल्या दिवसांत घागर लवंडली?... बायको न्हाईस, वैरीण हायेस तू!"

तेच त्याचं तिच्याशी शेवटचं वाक्य.

खरं काय ते तिच्या काळजालाच ठाऊक. तिची सासू, सिद्धम्मा, आपला थोरला लेक भांडून वेगळा झाल्यापासून या धाकट्याच्या, शिवमूर्तीच्या, तोंडाकडं बघूनच जगत होती. तेही तोंड फिरलं असतं तर?... त्या एका विचारानं नीलाबाईनं तो कलंक दागिन्यासारखा गळ्यात घालून घेतला होता.

आज त्यानं पुन्हा बॅटरीच्या तारा जोडल्या. इंजिन खोकलं, धूर ओकलं... आणि धडधडू लागलं! छोटी लेक गौरी टाळ्या पिटत नाचली. बराच वेळ चालवून शिवमूर्तीनं ते बंद केलं आणि घाम पुसत तो मागं सरला.

तेवढ्यात सिद्धम्मा वाकत वाकत इंजिनापाशी आली. कपाळावर विभूती, ओठांत शिवनाम, हातात स्वतःच्या वाट्याच्या पाण्याचा तांब्या.

"अगं बाई, किती तापलंय लेकरू! थांब राजा, मागल्या खेपेला घातलं तसं डोईवर पाणी घालते..."

"अव्वा, नको!" नीलाबाईनं झेप घेऊन तांब्या धरला. पाणी तिच्याच पदरावर सांडलं.

शिवमूर्ती जागच्या जागी थिजला.

"मागल्या खेपेला?... अव्वा, तू घातलंस?"

"म्याच की. पिंडीवर न्हाई का घालीत आपण? लई वाफ निघाली बघ... तवा हिनंच मला हाताला धरून आत नेलं. का रं? चुकलं का काही?"

शिवमूर्ती नीलाबाईच्या पायाशी मटकन बसला.

"नीला... एकदा तरी सांगायचंस गं! वर्षभर म्या तुला... शिव्या दे मला, पण काहीतरी बोल!"

या एका हाकेसाठी तिनं किती देव आळवले होते! आणि आज ती हाक आली, तर पदर तेवढा भिजलेला... काळीज कोरडं ठाक. तिनं खाली पडलेला नट उचलला, पुसला, ताटलीत ठेवला.

गौरीनं तिचा ओला पदर ओढला.

"आई, आप्पा बोलायलेत की तुझ्यासंगं... मग आता तू का बोलत न्हाईस?"