डाव्या तोंडाची कणीक

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. पण समर्थ माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याच्या नखांतला तो वास मी स्वतः घेतला आहे.

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. जागा म्हणजे नवलाख उंबरे गावाच्या पुढचं, आकाशच्या काकांचं बंद पडलेलं कोंबड्यांचं शेड.

तिथे एक बँड सराव करायचा. बँडचं नाव 'मढं'.

समर्थ ड्रम्सवर, तेजल बेस गिटारवर, आणि आकाश गिटार वाजवत गायचा. गायचा म्हणजे गुरगुरायचा. हेवी मेटलमध्ये तसंच असतं. गाणी सगळी प्रेतांची, अळ्यांची, कुजण्याची. माझ्या मावशीनं एकदा कानाला हेडफोन लावला आणि काळजीनं विचारलं, "याला उलटी होतीये का रे?"

पोरं वाईट नव्हती हो. शेडच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून, कंपनीतल्या शिफ्ट सांभाळून रोज घाम गाळायची. पहिला कार्यक्रम लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर झाला. चिक्कीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या कुटुंबांपुढे. तिसऱ्या गाण्याला मॅनेजरनं वीजच बंद केली. समर्थ हे अभिमानानं सांगायचा. मग पुण्यातले छोटे हॉल झाले, पहिला अल्बम आला आणि कुणी ऐकलाही नाही. वर्षं गेली. तेजलच्या घरचे स्थळं बघायला लागले. शेवटी आकाशनं सांगून टाकलं की दुसरा अल्बम चालला तर ठीक, नाहीतर बँड बंद.

बँड बंद झाला तर समर्थकडे शिफ्टशिवाय काही उरणार नव्हतं.

तेव्हा त्याला आबांचा मृदंग आठवला.

श्रीपती आबा, समर्थचे आजोबा. अख्ख्या आंदर मावळात त्यांच्यासारखा मृदंगी नव्हता. मी लहानपणी ऐकलंय. बुवा निरूपणात रंगले की आबांची एकच थाप पडायची, आणि डोळ्यांत पाणी यायचं. आबा गेल्यापासून तो मृदंग समर्थच्या आत्याकडे, नंदाबाईंकडे होता.

मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात. त्यानं आवाज खोल होतो. कीर्तन संपलं की खरवडून काढतात आणि गाईला घालतात. आत्यानं मृदंग दिला तो याच बोलीवर.

"कणीक ठीवू नको बाबा," ती म्हणाली. "कणीक हाय तवर कीर्तन उठलेलं नसतं. आन् कीर्तन उठल्याबिगर आबा कदी जागचे उठत न्हवते."

समर्थनं मान हलवली आणि मृदंग शेडवर आणला.

पहिल्याच दिवशी असा आवाज लागला... जमिनीखालून आल्यासारखा. संध्याकाळी समर्थ कणीक काढायला बसला तेव्हा आकाशनं हात धरला. उद्या परत लावलीस तर हाच आवाज येईल का? समर्थलाही माहीत होतं. कणीक चिमूटभर इकडेतिकडे झाली की आवाज बदलतो. अर्धं गाणं एका आवाजात आणि अर्धं दुसऱ्यात, असं रेकॉर्डिंग चालत नाही.

म्हणून त्यांनी त्यावर प्लास्टिक गुंडाळलं. फक्त रेकॉर्डिंग संपेपर्यंत.

श्रावणाची ओल होती. कणीक आधी आंबली. मग तिच्यावर हिरवट लव आली. मग एका सकाळी प्लास्टिक आतून हललं...

अळ्या होत्या. पांढऱ्या, फुगलेल्या, एकमेकींवर चढणाऱ्या.

कुणालाही किळस आली असती. यांना आनंद झाला. आकाशनं फोटो काढला आणि तोच अल्बमचं मुखपृष्ठ झाला. मला आजही तो फोटो आठवला की घास तोंडात फिरतो.

आणि आवाज? आवाज दिवसेंदिवस खोल होत गेला.

रेकॉर्डिंग ऐकताना समर्थच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याचा हात थांबला होता तिथेही मृदंग वाजत होता. ड्रम्सच्या धडधडाटाखाली... संथ. ठाय लयीत. आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत कुणीतरी घसा खाकरत होतं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. अल्बम बाहेर आला आणि चालला. लांबलांबची बोलावणी आली. लोणावळ्याच्या त्याच रिसॉर्टनं त्यांना सन्मानानं बोलावलं. आता कसं सांगायचं? आणि कणीक तरी कशी काढायची? लोकांना तोच आवाज हवा होता.

त्याच्या नखांत मात्र रोज सकाळी ओली कणीक असायची. डाव्या हाताच्या. आंबूस. साबणानं जायची नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारचा माणूस ताट उचलून दुसरीकडे जायचा.

मग ती दुपार आली.

लोणावळ्याच्या कार्यक्रमाचा सराव होता. आकाशनं गुरगुरायला तोंड उघडलं... आणि आवाजच आला नाही. त्यानं घशात बोटं घातली. काहीतरी पांढरं हाताला लागलं. तो ओढत राहिला आणि ते येत राहिलं. लांब, चिकट, तार सुटलेली कणीक. तिच्यात काहीतरी वळवळत होतं.

तो गुडघ्यांवर पडून ओकला. ओकारीत दुसरं काही नव्हतं. नुसती कणीक.

तेजल दाराकडे पळाली.

आणि कोपऱ्यातल्या मृदंगावर थाप पडली.

हळू. एकच. बुवा अडखळले की मृदंगी देतो तशी... पुढं चला, अशी.

समर्थनं दुचाकी काढली आणि आत्याला घेऊन आला. दारातच तिनं पदर नाकाला लावला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काढली न्हाईस व्हय."

समर्थ नखांनी खरवडायला लागला. वरचा कुजका थर निघाला. खाली ताजी कणीक होती. मऊ, कोमट, आत्ताच मळल्यासारखी. तो खरवडत राहिला. मांडीवर ढीग झाला. कणीक तेवढीच.

"आशी न्हाई निघायची," आत्या म्हणाली. "आदी कीर्तन उठवा."

समर्थ म्हणाला, "आत्या, तू म्हण ना शेवटचा अभंग."

"मी म्हणून काय उपेग? त्ये ज्याच्या मागं वाजवत्यात, त्यानंच उठवायचं." तिनं आकाशकडे बोट दाखवलं.

आकाशनं जन्मात सरळ सूर लावला नव्हता. आत्या एकेक ओळ सांगत गेली आणि तो घशातली कणीक गिळत, रडत म्हणत गेला. बेसूर. पण देवाला सुराचं काय... समर्थचे दोन्ही हात मांडीवर होते. तरी मृदंग वाजत होता. नातवाला कधी साधणार नाही इतका गोड.

अभंग संपला. शेवटची थाप पडली.

मग गुडघे मोडल्याचा आवाज आला. म्हातारं माणूस मांडी सोडून उठतं तसा. आणि एक सुस्कारा... "पांडुरंगा."

कणीक आपोआप सुटून खाली पडली. पापडासारखी कोरडी. तिच्या आतल्या बाजूला एका पंजाचा ठसा होता.

आत्यानं ती गाईपुढे ठेवली. गाईनं हुंगलं आणि ती मागे सरली.

'मढं' लोणावळ्याला गेलं नाही. तिथेच बँड संपला. आकाशला पोळी चालत नाही, समर्थ नुसत्या भातावर आहे. नखं मात्र स्वच्छ झाली होती. आम्हाला वाटलं, सुटलं.

गेल्या महिन्यात समर्थ माझ्याकडे आला होता. लोणावळ्याहून बसनं येताना पुढच्या सीटवरचा मुलगा मोबाईलवर काहीतरी ऐकत होता. समर्थनं ओळखलं. त्यांचाच अल्बम.

त्यानं डावा हात माझ्यापुढे धरला.

नखांत ओली कणीक होती. आंबूस...

शेडमधलं कीर्तन उठलं हो. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये कणीक अजून लावलेलीच आहे. आणि रोज कुठे ना कुठे, कुणीतरी ते सुरू करतं.

तेव्हापासून आमच्या देवळात कीर्तन संपलं तरी मी मंडप सोडत नाही. मृदंगी कणीक खरवडून होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहतो.